फार्नबरो, १९५२: डीएच.११० अपघाताबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

६ सप्टेंबर १९५२ ला नेमके काय झाले?

शनिवार होता. इंग्लंडच्या हॅम्पशायर परगण्यातल्या फार्नबरो विमानतळावर ब्रिटिश विमान उत्पादकांचे वार्षिक प्रदर्शन भरले होते. सर्वसामान्यांसाठी खुला दिवस असल्याने एक लाखाहून जास्त माणसे जमली होती. डी हॅविलंड कंपनीचे डीएच.११० हे लढाऊ विमान सुमारे ४०,००० फुटांवरून सूर मारत खाली आले. त्या सुरात त्याने ध्वनीचा वेग ओलांडला आणि जमिनीवर स्फोटासारखा आवाज पोचला. मग विमान खाली उतरून धावपट्टीजवळून गेले, सुमारे ४५० नॉट वेगाने डावीकडे वळले आणि पुन्हा मैदानाकडे आले. वळणातून सरळ होत नाक वर उचलत असतानाच ते हवेत फुटले. एक सेकंदसुद्धा लागला नाही.

वैमानिक जॉन डेरी, चाचणी निरीक्षक अँथनी रिचर्ड्स आणि २९ प्रेक्षक, असे ३१ जण गेले. सुमारे ६० जण जखमी झाले.

डीएच.११० कसले विमान होते?

रात्री आणि ढगाळ हवेतही शत्रूची बॉम्बर विमाने शोधून पाडता यावीत, म्हणून आखलेले दोन इंजिनांचे, दोन माणसांचे जेट. मागे वळवलेले पंख, शेपटीला जोडणारे दोन लांब दांडे आणि रोल्स-रॉइसची दोन एव्हॉन इंजिने. वैमानिकाची काच मध्यरेषेपासून डावीकडे सरकवलेली होती. निरीक्षक त्याच्या उजव्या बाजूला, विमानाच्या पोटात बसायचा. रडारचा पडदा नीट दिसावा म्हणून त्याला अंधार हवा होता.

अपघाताच्या वेळी या जातीची दोनच विमाने अस्तित्वात होती, दोन्ही प्रोटोटाइप, म्हणजे चाचणीसाठी बनवलेले नमुने. पहिले, डब्ल्यूजी२३६, २६ सप्टेंबर १९५१ ला हॅटफील्डहून प्रथम उडाले. दुसरे, काळ्या रंगाचे डब्ल्यूजी२४०, जुलै १९५२ मध्ये. शनिवारी काळे विमान बिघडले, म्हणून डेरी आणि रिचर्ड्स यांनी हॅटफील्डला जाऊन पहिले विमान आणले आणि त्यावर कार्यक्रम केला. यातून "काळे विमान ठीक असते तर दुर्घटना टळली असती" असा निष्कर्ष काढू नये. पंखाची मूळ आखणी दोघांचीही एकच होती.

डेरी अननुभवी होते का?

अजिबात नाही. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी टायफून विमाने चालवली, डीएसओ आणि डीएफसी ही शौर्यपदके मिळवली. सप्टेंबर १९४८ मध्ये डीएच.१०८ या शेपटीविना विमानातून ध्वनीचा वेग ओलांडणारे पहिले ब्रिटिश वैमानिक म्हणून त्यांची नोंद आहे. ते डीएच.१०८ किती घातक होते ते एवढ्यावरून कळेल: तीन बनवली, तिन्ही पडली आणि तिन्ही वेळा वैमानिक गेला. पहिला बळी होता कंपनीच्या संस्थापकाचा मुलगा, जेफ्री डी हॅविलंड धाकटे, सप्टेंबर १९४६ मध्ये. अशा विमानातून सुखरूप परतलेला माणूस निष्काळजी असू शकत नाही.

ध्वनीचा अडथळा तोडल्यामुळे विमान फुटले का?

नाही. हा सगळ्यांत जास्त पसरलेला गैरसमज आहे. लोकांनी आधी मोठा आवाज ऐकला, थोड्या वेळाने विमानाचे तुकडे पाहिले आणि मनात दोन्ही जोडले गेले. तो आवाज उंचावरच्या सुराचा होता. ४५० नॉट म्हणजे ताशी सुमारे ८३० किलोमीटर, सेकंदाला २३१ मीटर. जमिनीलगत ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर असतो. म्हणजे फुटण्याच्या क्षणी विमान ध्वनीच्या वेगाच्या ६८ टक्क्यांवर होते.

उलट, धोका खालीच जास्त होता. ४०,००० फुटांवर हवा जमिनीलगतच्या हवेच्या एक-चतुर्थांश दाट असते. वर ध्वनीचा वेग ओलांडताना पंखांवर जितका हवेचा दाब येतो, त्याहून जास्त दाब जमिनीलगत ४५० नॉटला येऊ शकतो. विमानाच्या सांगाड्याला वेगाचा आकडा कळत नाही, त्याला दाब कळतो.

मग विमान फुटले कशामुळे?

पंखाच्या पुढच्या कडेची रचना कमजोर होती. एप्रिल १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अधिकृत तपास अहवालाने हेच सांगितले. इथे थोडे खोलात जावे लागेल, कारण बहुतेक लिखाणात हे एका वाक्यात उरकले जाते.

पंखाचा मुख्य कणा म्हणजे स्पार, पंखाच्या लांबीने जाणारी तुळई. पंख वर वाकतो तेव्हा तो भार स्पार घेतो. पंख पिळलाही जातो, म्हणजे टॉवेल पिळताना होतो तसा. पिळाला तोंड द्यायला बंद नळी लागते. कागद सपाट धरून पिळा, लगेच पिळला जाईल. त्याचीच गोल नळी करून कड चिकटवा आणि पिळून पाहा, किती प्रतिकार करते ते हाताला जाणवेल. पंखाच्या पुढच्या कडेवरून वळवलेला पत्रा आणि त्यामागे उभी असलेली स्पारची भिंत मिळून अशीच एक बंद नळी होते. तिचा छेद इंग्रजी 'डी' अक्षरासारखा दिसतो, म्हणून तिला डी-नोज म्हणतात.

ही रचना डी हॅविलंडने व्हॅम्पायर आणि व्हेनम या विमानांवर यशस्वीपणे वापरली होती. तिच्यावर विश्वास बसण्याला सबळ कारण होते. पण डीएच.११० चे पंख मागे वळवलेले होते. सरळ पंख वर वाकला की वाकतो, एवढेच. मागे वळवलेल्या पंखात वाकणे आणि पिळणे एकमेकांत गुंततात, कारण टोकावरचा भार मुळाच्या बराच मागे लागत असतो. त्यात वेगही जास्त. नळीचा पत्रा पातळ असेल आणि आत आधार कमी असेल, तर तो एका क्षणी दुमडतो. पत्र्याचा डबा पिळताना त्यावर तिरक्या घड्या पडतात, तसा. घडी पडली की ती नळी नळी राहतच नाही आणि पिळाविरुद्धची ताकद एकदम संपते.

अहवालानुसार या डी-नोजचा टोकाकडचा भाग आखणीत धरलेल्या भाराच्या केवळ ६४ टक्केच भार झेलू शकत होता.

६४ टक्के म्हणजे किती वाईट?

लढाऊ विमानाचा सांगाडा सहसा असा आखतात: सेवेत येऊ शकणारा सगळ्यांत मोठा भार १०० धरला, तर सांगाडा १५० पर्यंत मोडता कामा नये. मधले ५० हे राखीव. धातूतला फरक, कारागिरीतला फरक, वैमानिकाने क्षणभर जास्त ओढलेली नियंत्रणाची कांडी, हे सगळे त्यातून भागते. आता १५० चे ६४ टक्के काढा. ९६ येतात. म्हणजे राखीव साठा तर गेलाच, शिवाय परवानगीच्या मर्यादेत उडतानाच पंख मोडण्याची वेळ येते. वैमानिकाला हे कळायला कोणताही मार्ग नव्हता.

आधीच्या उड्डाणांत पंख का मोडला नाही?

कारण नुसते वळण किंवा नुसते कलणे यांतून तो भार येत नव्हता. दोन्ही एकत्र यावे लागले.

वळणात विमान एका बाजूला कललेले असते आणि पंखांवर वजनाच्या कैक पट भार असतो. वळणातून बाहेर पडताना वैमानिक कांडी बाजूला नेतो. पंखांच्या मागच्या कडेवरचे एलेरॉन एकीकडे वर, दुसरीकडे खाली जातात आणि विमान सरळ होऊ लागते. एलेरॉन हलला की पंखाच्या टोकाकडचा भाग पिळला जातो. त्याच क्षणी नाक वर ओढले, तर वाकण्याचा भार उतरायच्या आतच पिळाचा भार वर चढतो. डेरी नेमके हेच करत होते. लढाऊ विमानासाठी ही अगदी नेहमीची हालचाल आहे.

कलता-कलता ओढायचे असेल तेव्हा जी-मर्यादा (विमानावर वजनाच्या किती पट भार येऊ द्यायचा ती मर्यादा) आजही कमी ठेवतात, बऱ्याचदा सरळ ओढण्याच्या मर्यादेच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास. वैमानिकांना शिकवतात ते असे: आधी भार सैल करा, मग कला, मग पुन्हा ओढा.

पंखाचा तुकडा गेला, पण पूर्ण विमान कसे फुटले?

मागे वळवलेल्या पंखांची टोके विमानाच्या गुरुत्वमध्याच्या मागे असतात. तिथली उचल नाक खाली दाबून धरते. एका बाजूचे टोक गेले आणि लगोलग दुसऱ्या बाजूचेही. मागची उचल नाहीशी झाली, उरलेली पुढे राहिली, आणि नाक झटक्यात वर उसळले. ८०० किलोमीटर वेगाने जाणारे विमान एकदम पोट पुढे करून हवेला आडवे आले. तो झटका कोणताच सांगाडा सहन करू शकला नसता. दोघे बसलेला पुढचा भाग सुटला, दोन्ही इंजिने बैठकीतून उपटून पुढे फेकली गेली, शेपटी आणि दांडे मागे राहिले.

त्यांना उडी मारून वाचता आले नसते का?

धोका ओळखून हात हलवायलाच माणसाला सुमारे एक सेकंद लागतो. विमान त्याहून कमी वेळात फुटले होते, आणि त्या झटक्यात हात उचलणेही शक्य नव्हते.

इतके प्रेक्षक का मेले?

विमान कुठे होते यापेक्षा ते कुठे निघाले होते, यामुळे. या पानावरचे सगळ्यांत महत्त्वाचे उत्तर आमच्या मते हेच आहे.

सेकंदाला २३१ मीटर वेगाने जाणारी वस्तू १५० मीटर उंचीवर सुटली, तर जमिनीवर यायला तिला साडेपाच सेकंद लागतात. हवेचा विरोध सोडून दिला तर तेवढ्या वेळात ती १,२०० मीटरहून पुढे जाते. पातळ पत्रा हवेने लगेच अडतो आणि भिरभिरत खाली येतो. शेपटीचे भाग तसेच आले. इंजिन मात्र टनभर वजनाचे, आटोपशीर आणि जड. हवा त्याला फारशी अडवत नाही. सेकंदाला २०० मीटर वेगाच्या अशा गोळ्यात जेवढी ऊर्जा असते, तेवढी दहा टनी ट्रक ताशी २२५ किलोमीटरने धावताना त्याच्यात असते.

त्या दिवशी वळण संपले तेव्हा विमानाचे नाक गर्दीच्या दिशेला होते. एक इंजिन प्रेक्षकांनी भरलेल्या टेकडीवर जाऊन आदळले. सगळ्यांत जास्त माणसे तिथेच गेली. उंचावरून छान दिसते म्हणून लोक त्या टेकडीवर उभे होते. दोघे बसलेला पुढचा भागही प्रेक्षकांजवळच पडला. हेच विमान त्याच वेगाने गर्दीला समांतर जात असताना फुटले असते, तर तुकडे मैदानाच्या लांबीने पसरले असते.

कार्यक्रम थांबवला का नाही?

जखमींना हलवून धावपट्टी साफ केल्यावर कार्यक्रम पुढे चालू ठेवला गेला. चाचणी वैमानिक नेव्हिल ड्यूक यांनी हॉकर हंटर हे लढाऊ विमान वर नेले आणि सूर मारून पुन्हा ध्वनीचा वेग ओलांडला. पंतप्रधान विन्स्टन चर्चिल यांनी दुसऱ्या दिवशी त्यांना चिठ्ठी लिहून सलाम कळवला. रविवारचे प्रदर्शनही झाले आणि त्याला मोठी गर्दी झाली.

आज हे वाचताना कसेतरी होते. त्या काळी ब्रिटनमध्ये युद्ध संपून सातच वर्षे झाली होती आणि चाचणी वैमानिक वर्षानुवर्षे मरत होते. पण टेकडीवरचे लोक वैमानिक नव्हते, त्यांनी कोणतीही जोखीम पत्करली नव्हती. आमच्या मते कार्यक्रम तिथेच थांबवायला हवा होता. आजच्या प्रदर्शनांत असे झाले तर उड्डाणे तत्काळ थांबवतात.

तपास कसा केला?

तुकडे गोळा केले, त्यांची जागा नोंदवली आणि प्रेक्षकांकडे छायाचित्रे व हौशी चित्रफिती मागितल्या. इतक्या कॅमेऱ्यांसमोर फुटलेले विमान तोवर क्वचितच तपासकांच्या हाती आले होते. चित्रफितीची एकेक चौकट पाहून आधी काय सुटले हे ठरवता आले.

अशा तपासात तुकड्यांवरून क्रम कसा लावतात, हेही विचारले जाते. आधी सुटलेले भाग उड्डाणमार्गावर मागे पडलेले सापडतात, मात्र हलके तुकडे वारा बाजूला नेतो, त्याचा हिशेब वेगळा करावा लागतो. पत्र्यावरच्या घड्या तिरक्या असतील तर भार पिळाचा होता. रिवेटची भोके एका दिशेने ओढली गेली असतील तर पत्रा कुठल्या बाजूला फाटला ते कळते. एका तुकड्याचा रंग दुसऱ्यावर घासलेला असेल तर कोण कुणावर आदळले ते समजते.

डेरींवर ठपका ठेवला का?

नाही. मृत्यूंच्या न्यायिक चौकशीत ज्यूरीने सर्व मृत्यू अपघाती ठरवले आणि डेरींवर दोष येत नाही असे नमूद केले.

नियम काय बदलले?

ब्रिटनमध्ये गर्दीवरून उडण्यावर आणि गर्दीपासूनच्या अंतरावर कडक बंधने आली. जेट विमान सरळ जात असेल तर गर्दीपासून किमान २३० मीटर, कसरत करत असेल तर किमान ४५० मीटर, आणि उंची किमान १५० मीटर.

वर काढलेला १,२०० मीटरचा आकडा आठवत असेल, तर ४५० मीटर अपुरे का नाहीत, असा प्रश्न पडेल. एकट्याने ते अपुरेच आहेत. त्यांच्या जोडीला दिशेचा नियम हवा: वेगात असलेल्या विमानाचे नाक गर्दीकडे वळता कामा नये. अमेरिकेतल्या नियमांत हे स्पष्टच आहे. तिथे २४५ नॉटहून वेगवान विमानाला प्रेक्षकांपासून १,५०० फूट, त्याखालच्या गटाला १,००० फूट आणि १५६ नॉटहून हळू विमानाला ५०० फूट अंतर लागते, आणि कसरतीची ऊर्जा प्रेक्षकांच्या दिशेला नको, ही अट वेगळी.

मग नंतर असे अपघात झालेच नाहीत का?

झाले. जिथे दिशेचा नियम सुटला, तिथे झाले. २८ ऑगस्ट १९८८ ला पश्चिम जर्मनीतल्या रामश्टाइनला इटलीच्या कसरत पथकाची विमाने एकमेकांवर आदळली. एकटे येणारे विमान गर्दीच्या दिशेने येत होते. वैमानिकांसह ७० जण गेले. २७ जुलै २००२ ला युक्रेनमध्ये ल्विव्हजवळ स्क्निलिव्हला सुखोई-२७ प्रेक्षकांत घुसले आणि ७७ जण गेले.

२२ ऑगस्ट २०१५ चा ब्रिटनमधला शोरहॅम अपघात वेगळ्या जातीचा आहे. तिथे जुने हंटर विमान गोल कसरतीतून वेळेत सावरले नाही आणि ए२७ या रस्त्यावर पडले. ११ जण गेले. मैदानातल्या प्रेक्षकांना नियमांनी वाचवले, पण कुंपणाबाहेरच्या रस्त्याचा विचार पुरेसा झाला नव्हता.

या अपघातामुळे रॉयल एअर फोर्सने डीएच.११० नाकारले का?

असे सर्रास लिहिले जाते, पण तारखा जुळत नाहीत. प्रतिस्पर्धी ग्लॉस्टर जॅव्हेलिनच्या उत्पादनाचा आदेश जुलै १९५२ मध्येच, म्हणजे अपघाताच्या आधी निघाला होता. जॅव्हेलिनही निर्धोक नव्हते: त्याच्या पहिल्या प्रोटोटाइपचे एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारे शेपटीवरचे हलते भाग) जून १९५२ मध्ये हवेत तुटून पडले होते आणि वैमानिक बिल वॉटरटन यांनी ते कसेबसे उतरवले.

पुढे या आखणीचे काय झाले?

नौदलाने ती घेतली. उरलेले डब्ल्यूजी२४० जमिनीवर ठेवून पंखाची पुढची कड मजबूत केली, शेपटी बदलली. सप्टेंबर १९५४ मध्ये त्याने एचएमएस अल्बियन या विमानवाहू जहाजावर चाचण्या दिल्या. बरीचशी नव्याने आखलेली आवृत्ती १९५९ मध्ये सी व्हिक्सन नावाने सेवेत आली आणि १९७२ पर्यंत राहिली. सुमारे दीडशे विमाने बनली.

कॉमेट विमानांचे अपघात यातूनच झाले का?

नाही. कंपनी तीच, काळ तोच, म्हणून घोटाळा होतो. जानेवारी आणि एप्रिल १९५४ मध्ये भूमध्य समुद्रात पडलेली कॉमेट प्रवासी विमाने केबिनमधल्या हवेच्या दाबाच्या वारंवार चढउताराने धातू थकल्यामुळे फुटली. डीएच.११० मध्ये धातूचा थकवा नव्हता, रचना पहिल्यापासून कमजोर होती. २ मे १९५३ ला कोलकात्याजवळ पडलेले कॉमेट तिसऱ्याच प्रकारात येते. ते वादळात सापडले होते.

भारताशी काही संबंध?

डी-नोज पंखाचे व्हॅम्पायर हे भारतीय हवाई दलाचे पहिले जेट लढाऊ विमान. १९४८ पासून ते आपल्याकडे होते आणि बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखान्यात परवान्यावर बनायचे. त्याचे पंख जवळजवळ सरळ असल्याने त्या रचनेत हा दोष उघडा पडला नाही. त्या दिवशी ड्यूकनी उडवलेल्या हंटरच्या पुढच्या आवृत्त्या १९५७ पासून भारतात आल्या आणि १९७१ मध्ये लोंगेवालाला लढल्या.

विमानांची प्रदर्शने पाहायला जाताना काय लक्षात ठेवावे?

आयोजकांनी आखलेल्या जागेतच बसा. कुंपणाबाहेरची टेकडी, धावपट्टीच्या टोकापलीकडचा रस्ता, इमारतीची गच्ची, हे सगळे फुकट आणि छान दिसणारे, पण विमानांच्या येण्याजाण्याच्या रेषेत असू शकते. कुठल्या रेषेत विमाने उडणार हे जाहीर केलेले असेल तर त्या रेषेच्या टोकांना उभे राहू नका. बाजूला राहा. मुंबईत मरीन ड्राइव्हवर हवाई दलाची प्रात्यक्षिके होतात, तिथली मांडणी पाहा: लोक कठड्याकडे, विमाने समुद्रावर. मुलांना खांद्यावर घेऊन कुंपणाला टेकून उभे राहण्यापेक्षा दोन-तीन रांगा मागे थांबा. वेगवान विमान तुमच्याकडे तोंड करून आले आणि वेळेत वळले नाही, तर तो नियमभंग आहे. कार्यक्रमानंतर आयोजकांना तारीख, वेळ आणि विमानाचा प्रकार लिहून कळवा. मोबाइलवरचे चित्रण पुसू नका.